हबाच्या पोटातले अठरा छर्रे

बिनगिअरच्या सायकलला स्वस्त आणि ‘देखभाल नको’ असं हब कुठलं, या प्रश्नाचं हे उत्तर, सातारा-सांगलीपुरतं. हब म्हणजे चाकाच्या मधोमधचा, एक्सलभोवती फिरणारा भाग. सायकलच्या दुकानात नवं हब हातात आलं की बहुतेक लोक ते आधी तळहातावर तोलून बघतात, मग क्रोमवरून अंगठा फिरवतात. वजन आणि चकाकी, दोन्हींतून हबाविषयी फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा हब डाव्या मुठीत घट्ट धरावं, एक्सलचं टोक उजव्या हाताच्या चिमटीत पकडावं आणि एक्सल सावकाश फिरवावा. एक फेरा पुरा व्हायला चार-पाच सेकंद लागतील, इतका सावकाश. भरभर फिरवले की सगळेच एक्सल छान फिरतात. हळू फिरवला की आतला एकेक छर्रा बोटाला कळतो. बारीक वाळू चावल्यासारखं वाटलं तर कोन (एक्सलवर चढणारा निमुळता नट) जास्त आवळलाय किंवा वाटी (छर्रे फिरतात ती खोलगट बैठक) आतून खडबडीत आहे. फेऱ्यात दर वेळी एकाच जागी अडखळत असेल तर तिथे खड्डा आहे. ते हब परत ठेवावं. सगळा फेरा एकसारखा किंचित जड, तुपात चमचा फिरवल्यासारखा लागला तर आत रबरी सीलचं बंद बेअरिंग आहे आणि ते तसंच असायला हवं. एक्सल नुसताच लटलटत असेल तर घाबरायचं कारण नाही, तेवढं दोन पान्यांनी निघतं.

बिनगिअरच्या सायकलला हब निवडताना पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की या सायकलीनं निम्मं काम आधीच सोपं करून ठेवलंय. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला सहा-सात चकत्यांचा गठ्ठा असतो. त्या गठ्ठ्याला जागा द्यायला उजवीकडची वाटी आत सरकते आणि वाटीपासून फ्रेमपर्यंतचा तीन सेंटीमीटरहून जास्त एक्सल बिनआधाराचा राहतो. स्क्रू फ्रीव्हीलच्या (चकत्यांचा गठ्ठा हबाच्या आट्यांवर चढतो अशा) गिअर सायकलींचे एक्सल वाकतात, तुटतात ते याच तुकड्यात. एकाच चकतीचं फ्रीव्हील असलं की हा तुकडा दीड-दोन सेंटीमीटरवर येतो. म्हणजे गिअरवाल्यांनी नावं ठेवलेलं तेच जुनं आट्याचं हब इथे वर्षानुवर्षं एक्सल सरळ ठेवून चालतं. त्यासाठी महागडं फ्रीहब (चकत्या चढवायचा ड्रम हबातच असलेलं) घ्यायची गरज नाही.

दुसरा फायदा तारांचा. गिअरच्या मागच्या चाकात उजव्या तारा उभ्या आणि ताठ, डाव्या तिरक्या आणि सैल, कारण रिंग मधोमध आणायला उजवीकडच्या तारा जास्त ओढाव्या लागतात. बिनगिअरच्या चाकात दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या बसतात. चाक नीट बांधलं असेल तर हे कानालाही कळतं: नखानं एकेक तार छेडत जा, डावीकडचा आणि उजवीकडचा सूर जवळजवळ एकच निघतो. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे बनवणारी घरं आहेत; तारेचा ताण कानानं ओळखायचा ही रीत या भागाला नवी नाही. ज्याला मापाचं यंत्र परवडत नाही त्यानं चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना कानाचा उपयोग जरूर करावा. एखादी तार मधेच बद्द बोलली तर ती सैल आहे, आणि तिचा वाटा शेजारच्या दोघी उचलतायत. त्या दोघींतली एक पुढे कोपरात, म्हणजे हबाजवळच्या वाकणात, तुटते.

आता मुख्य प्रश्न, ‘देखभाल नको’ या अपेक्षेचा. हब कुठलंही घ्या, ते कधी ना कधी उघडावं लागणारच. फरक आहे तो उघडल्यावर काय लागतं यात. माझ्या मते स्वस्त आणि कमी कटकटीचं हब म्हणजे ज्याच्या आतला माल आपल्या गावच्या बाजारपेठेत मिळतो ते. सातारा-सांगलीपुरतं बोलायचं तर इथे प्रदेशही एकसारखा नाही. जावळी-पाटणच्या बाजूला चार महिने पाऊस चाकावर कोसळतो. माण, खटाव, आटपाडी, जत इकडे पाऊस कमी, पण फुफाटा असा की चेनवर टाकलेलं तेल दोन दिवसांत काळी पेस्ट होतं. आणि कृष्णाकाठी मळी जमिनीचा चिकट चिखल, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते आणि पूर. एकच हब तिन्ही ठिकाणी सारखंच चांगलं ठरेल असं नाही.

साधं हब म्हणजे वाटी-कोनाचं. हबाच्या दोन्ही तोंडांशी दाबून बसवलेल्या पोलादी वाट्या, एक्सलवर आट्यांनी चढणारे दोन कोन, आणि मधे सुटे छर्रे. पुढच्या चाकात बहुधा ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिलिमीटरचे, प्रत्येक बाजूला दहा. मागच्या चाकात पाव इंची, ६.३५ मिलिमीटरचे, प्रत्येक बाजूला नऊ, एकूण अठरा. पुढचा छर्रा टपोऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढा, मागचा कोवळ्या मटारच्या दाण्याएवढा. सायकलचं, माणसाचं आणि कॅरिअरवरच्या दुधाच्या कॅनचं बहुतेक ओझं या अठरांवर असतं, आणि त्यातही कुठल्याही क्षणी खालच्या बाजूला असतील त्या दोन-तीन छर्‍यांवर. म्हणून छर्रे कधीही भेसळ घालू नयेत. झिजलेल्या आठांत एक नवा टाकला की तो इतरांपेक्षा केसभर मोठा असतो, सगळा भार तोच घेतो आणि कोनावर स्वतःची चरी पाडतो. बदलायचे तर अठराच्या अठरा बदलायचे. खर्च एका पंक्चरच्या आसपास येतो.

स्वस्त हबांत सुट्या छर्‍यांऐवजी पत्र्याच्या जाळीत अडकवलेले छर्रे येतात. कारखान्यात ते बसवायला सोपे पडतात, एवढंच त्यांचं कौतुक. जाळीनं जागा खाल्ल्यामुळे छर्‍यांची संख्या कमी होते, आणि जाळी तुटली की तिचा पत्राच वाटीत दळला जातो. पहिल्याच ओव्हरऑइलिंगला जाळी फेकून त्याच मापाचे सुटे छर्रे भरावेत. वाटी भरत आणायची, पण गच्च नाही. शेवटी एखाद्या छर्‍यापुरती मोकळी जागा राहिली पाहिजे. ती बुजवायचा मोह झाला आणि एक जादा छर्रा दाबून बसवला तर सगळे एकमेकांना घासतात, आणि कोन बसतो तो तिरका.

या रचनेची खरी ताकद कोनात आहे. कोन तिरका असल्यामुळे तो वरून येणारा भार पेलतो आणि बाजूनं येणारा धक्काही घेतो. उभं राहून पेडल मारताना सायकल डावी-उजवीकडे झुकते, तेव्हा हबाला असेच आडवे धक्के बसतात. खरी कमजोरी मात्र माणसाच्या हातात असते. कोन जास्त आवळला की छर्रे वाटीत रुततात आणि काही महिन्यांत कोनाच्या गुळगुळीत पट्ट्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. सैल ठेवला तरी छर्रे आपटून तेच होतं. कोन सुटा मिळतो आणि स्वस्त असतो. वाटी गेली तर मात्र पंचाईत होते. काही देशी पोलादी हबांत वाटी आतून ठोकून काढता येते आणि नवी बसते, ॲल्युमिनियमच्या बऱ्याच हबांत ती निघत नाही. घेतानाच दुकानदाराला विचारावं: याची वाटी सुटी मिळते का? त्याच्या पेटीत त्या वाटीची पुडी असेल तर त्या हबाचं आयुष्य तिथेच दुप्पट झालं.

बंद बेअरिंगच्या हबात हे सगळं एका सीलबंद कड्यात येतं. कोन आवळण्याची भानगड नाही, छर्रे मोजायचे नाहीत. बेअरिंगचा नंबर पाहून नवं आणायचं आणि बसवायचं. हा नंबर वाचायला शिकलं की अर्धी भीती जाते. ६००१ म्हणजे आतलं भोक १२ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २८, जाडी ८. ६००० म्हणजे १०, २६, ८. ६२०० म्हणजे १०, ३०, ९. नंबरातले शेवटचे दोन अंक आतलं भोक सांगतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील आहे. झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्रा आहे; तो धूळ अडवतो, पाणी अडवत नाही. सायकलला २आरएसच घ्यावं.

हे बेअरिंग सायकलच्या दुकानात नसलं तरी बिघडत नाही. छताच्या पंख्यात ६२०१-६२०२ ही त्याच घरातली बेअरिंग असतात, आणि आपल्याकडे शेतीच्या पंपांमुळे मोटार रिवायंडिंगची दुकानं गावोगाव आहेत. जिथे मोटार भरून मिळते तिथे किंवा त्याच्या आसपास बेअरिंगचं दुकान असतंच. कुपवाडची किंवा साताऱ्याची एमआयडीसी जवळ असेल तर प्रश्नच मिटला. एवढंच सांभाळायचं की मोटारवाला सी३ लिहिलेलं बेअरिंग देऊ शकतो. ते तापणाऱ्या यंत्रासाठी आतून जरा सैल ठेवलेलं असतं आणि सायकलच्या रिंगवर त्याचा हलकासा खेळ जाणवतो. साधं मागावं. उलट ज्या हबात विचित्र मापाचं, त्या एकाच कंपनीचं बेअरिंग असेल ते कितीही गुळगुळीत फिरलं तरी घेऊ नये. दोन वर्षांनी ते बेअरिंग कुरिअरनं मागवावं लागेल आणि तोवर सायकल भिंतीला टेकून राहील.

बसवताना एक चूक हमखास होते. नवं बेअरिंग हबात ठोकताना लोक हातोडी आणि एखादा रॉड घेऊन आतल्या कड्यावर घाव घालतात. तो घाव छर्‍यांमार्फत बाहेरच्या कड्यात उतरतो, प्रत्येक छर्‍याखाली एक बारीक खळगा पडतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरायला लागतं. दाब द्यायचा तो फक्त बाहेरच्या कड्यावर. त्याला सोपी युक्ती आहे: हार्डवेअरच्या दुकानातून १० मिलिमीटरचा हातभर आट्याचा रॉड, दोन नट आणि बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर टेकतील असे जाड वायसर आणायचे. रॉड हबातून आरपार घालून दोन्ही बाजूंनी नट हळूहळू आवळत गेलं की बेअरिंग सरळ, न दुखावता आत जातं. शेवटी नट जड लागला की थांबायचं. जुनं काढताना मात्र आतून ठोकण्यावाचून इलाज नसतो, घाव आतल्या कड्यावरच बसतात. म्हणून काढलेलं बेअरिंग परत वापरू नये, कितीही चांगलं दिसलं तरी.

बंद बेअरिंगचा एक धोका दुर्लक्षातून येतो. ते हळूहळू मरतं, आवाज करतं, आणि ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणत माणूस आणखी चार महिने चालवतो. मग जाम झालेलं बेअरिंग हबाच्या ॲल्युमिनियमच्या बैठकीत आख्खंच फिरायला लागतं आणि बैठक मोठी होते. तिथे नवं बेअरिंग हातानंच आत जातं. ज्या हबात बेअरिंग असं सैल बसतं, ते हब संपलं.

तर मग कुठे काय? माण-खटाव, आटपाडी-जत भागात रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालवणारा आणि हबाला हात न लावणारा माणूस असेल, तर मी त्याला मागच्या चाकाला २आरएस बेअरिंगचं हब सुचवेन. त्या बारीक धुळीला रबर चांगलं अडवतं. पुढचं हब साधं वाटी-कोनाचं चालेल, तिथे भार कमी. दोन्ही चाकांना एकाच जातीचं हब हवं हा हट्ट फक्त दिसण्यापुरता आहे. पावसाच्या पट्ट्यातही हाच हिशेब, फक्त सीलच्या ओठावर बाहेरून बोटभर ग्रीस लावून ठेवावं.

पण कृष्णाकाठी, सांगलीच्या सखल पेठांत आणि नदीकडेच्या गावांत, मी डोळे झाकून वाटी-कोनच घ्यायला सांगेन. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत घरंच्या घरं पाण्यात गेली. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं याकडे कान लावून बसलेल्या घरात सायकल वर चढवायची आठवण सगळ्यात शेवटी होते. शिंतोड्याला दाद न देणारं रबरी सील चार दिवस पाण्याखाली राहिल्यावर हार मानतं, आणि कृष्णेचा गाळ इतका बारीक असतो की जिथे पाणी जातं तिथे तोही जातो. अशा वेळी वाटी-कोनाचं हब पाव लिटर रॉकेल, छर्‍यांची पुडी आणि एका दुपारच्या मेहनतीत परत उभं राहतं.

पुरातून निघालेल्या सायकलचं चाक ‘फिरतंय का’ म्हणून फिरवून बघू नये. तो फेराच घात करतो. आतला गाळ त्या क्षणी कोनावर घासकाम सुरू करतो. आधी बाहेरून साध्या नळाच्या पाण्यानं धुवायचं, वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं नाही, कारण तो फवारा उरलेला चिखलही सीलच्या आत ढकलतो. मग शक्य तितक्या लवकर, गंज धरायच्या आत, हब उघडायचं. छर्रे सगळे टाकून द्यायचे, धुऊन बघायचेसुद्धा नाहीत. वाटी आणि कोन रॉकेलमध्ये ब्रशनं धुवून कापडानं कोरडे करायचे. मग बॉलपेनचं टोक वाटीच्या पट्ट्यावरून हळूच फिरवायचं. जिथे खड्डा असेल तिथे टोक टचकन अडतं. डोळ्यांना न दिसणारा खड्डाही असा सापडतो. बंद बेअरिंग असेल तर रबरी सीलची आतली कड सुईनं अलगद उचलून बघावं. आत ग्रीस दुधाळ पांढरं झालं असेल तर पाणी शिरलंय, आणि गाळाचा रंग दिसला तर ते बेअरिंग बदलण्यात शहाणपण आहे.

मापांचा भाग रुक्ष आहे, पण पैसे वाया जातात ते इथेच. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. नव्या हबांत बहुतेक ३६ किंवा ३२ भोकं. हबाची भोकं आणि रिंगची भोकं एक नसतील तर चाक बांधलंच जात नाही, म्हणून हब बदलताना रिंगची भोकं आधी मोजावीत. नवं चाक करायचंच असेल तर दोन्हीकडे ३६ धरावं. पुढच्या हबाची लॉकनट ते लॉकनट (कोन जागी धरणारे दोन्हीकडचे बाहेरचे नट) रुंदी आता १०० मिलिमीटर असते, जुन्या सायकलींत त्याहून कमी. मागे जुन्या फ्रेमला साधारण ११०, तर बाहेरून येणाऱ्या बहुतेक सिंगल-स्पीड हबांना १२०. पोलादी फ्रेम दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर उघडता येते. ॲल्युमिनियमची फ्रेम कधीही ताणू नये, ती चिरते.

एक्सलच्या आट्यांत तर भलती फसगत होते. देशी हबाचा मागचा एक्सल बहुधा ३/८ इंची, इंचाला २६ आट्यांचा. बाहेरच्या हबाचा १० मिलिमीटर, १ मिलिमीटर पिचचा. ३/८ म्हणजे ९.५ मिलिमीटर. १० चा नट त्यावर चढतो, बरा बसल्यासारखा वाटतो, आणि आवळताना आटे खाऊन मोकळा होतो. पुढच्या चाकात देशी एक्सल ५/१६ इंची, म्हणजे ८ मिलिमीटरच्या आसपास, आणि नव्यांचा ९. तो जुन्या चिमट्याच्या (फोर्कच्या) खाचेत जात नाही. अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे कानस मारावी लागते. दुकानात जाताना जुना एक्सल, एक नट आणि एक कोन कागदात गुंडाळून न्यावा. तोंडी माप सांगण्यापेक्षा तो नमुना जास्त खरं बोलतो.

पोलादी हबाचं फ्लँज, म्हणजे तारा ओवायची भोकांची कड, पातळ असतं, त्यात तारेच्या कोपराला थोडी फट राहते आणि दर फेऱ्याला तार तिथे वाकत राहते. तारा कोपरात वारंवार तुटत असतील तर तारेला दोष देण्याआधी डोक्याखाली बारीक पितळी वायसर घालून चाक बांधून बघावं. ॲल्युमिनियमचं फ्लँज जाड असतं, तिथे ही अडचण सहसा येत नाही आणि गंजही नाही. वजनाचा फरक शंभरेक ग्रॅमचा. वीस किलोच्या सायकलला त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. द्यायचे तर जाड फ्लँजसाठी द्यावेत.

फ्रीव्हीलचे आटे हे या हबांचं मोठं सुख. जवळजवळ सगळी आट्याची फ्रीव्हीलं १.३७ इंच, इंचाला २४ आट्यांची असतात. देशी हबावर परदेशी फ्रीव्हील चढतं आणि उलटही. चढवताना पहिले तीन-चार फेरे हातानंच गेले पाहिजेत. पाना लावावा लागला तर आटा तिरका धरलाय, मागे घ्या. आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका, कारण फ्रीव्हील प्रत्येक पेडलनं आणखी आवळत जातं. कोरडं चढवलेलं फ्रीव्हील दोन वर्षांनी काढताना पाना अडकवायच्या खाचा तुटतात, मग ते छिन्नीनं खोलून तुकड्यातुकड्यांत काढावं लागतं. खोलताना समोरची दोन भोकांची रिंग उलट्या आट्यांची असते, ती घड्याळाच्या दिशेनं सुटते. हे माहीत नसल्यानं माणसं ती आवळतच बसतात.

सांगली-मिरज सपाट आहे, तिथे ४४ दात्यांच्या पुढच्या चकतीला मागे १८ दाते बरोबर बसतात. २८ इंची चाकाला पेडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर पुढे जाता येतं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचे चढ रोजचे असतील तर २० घ्यावं, म्हणजे ४.९ मीटर, यवतेश्वराच्या घाटानं कासकडे जायची हौस असेल तर २२, साडेचार मीटरच्या जरा आत. दोन्ही हवं असेल तर दोन्ही बाजूंना आटे असलेलं मागचं हब मिळतं. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला २२ लावून ठेवायचं आणि घाटाच्या खाली चाक काढून उलटं बसवायचं. मात्र चार दात्यांच्या फरकानं एक्सल साधारण १३ मिलिमीटर पुढे-मागे सरकतो. मागच्या खाचेत तेवढी जागा आहे का आणि ब्रेकची रबरं तिथवर पोचतात का, हे आधी मोजावं.

उलटं पेडल मारून लागणाऱ्या ब्रेकचं हब, म्हणजे कोस्टर, देखभालीत फार गुणी असतं. ना ब्रेकची केबल, ना रबरं. सपाट गावात ते मला आवडतं. घाटात नको. त्याचा ब्रेक हबाच्या आतच घासतो आणि सगळी उष्णता तिथल्या ग्रीसमध्ये उतरते. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर १९७६ पासून जुन्या जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती व्हायच्या. एका उतरणीतच कोस्टर हबातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ म्हणजे पुन्हा भरणे असं नाव पडलं. यवतेश्वरची उतरण कोस्टरच्या भरवशावर उतरू नये.

उघडायचं कधी? आपल्याकडे खंडेनवमीला सायकल धुतली जाते, हळद-कुंकू लागतं, हँडलला झेंडूची माळ चढते. पाऊस ओसरत आलेला असतो, हबात शिरलेलं पाणी अजून गंज धरायच्या बेतात असतं. वर्षातून एकदाच हब उघडायचं तर याच दिवसांत उघडावं, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी.

सामान थोडंच लागतं: दोन पातळ कोन-पाने, हबाप्रमाणे १३, १४ किंवा १५ चे, लॉकनटाचा पाना, रॉकेल, जुनं धोतर किंवा सुती कापड, मोटारीच्या चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस, आणि नवे छर्रे. गंज सोडवायचा फवारा ग्रीसच्या जागी वापरू नये, तो असलेलं ग्रीसही धुऊन काढतो. कापड जमिनीवर पसरून त्यावर चाक आडवं धरायचं. डाव्या बाजूचा कोन एका पान्यानं धरून लॉकनट दुसऱ्यानं सोडवायचा. उजवीकडचा कोन सोडवायचा नाही, तो एक्सलवर जिथे आहे तिथे राहू दे, म्हणजे परत बसवताना मध्य सापडतो. एक्सल उजवीकडून ओढला की छर्रे टपाटप कापडावर पडतात. मोजा. नऊ आणि नऊ. एक कमी असेल तर तो हबाच्या नळीत अडकलाय; नळीतून कापडाचा बोळा ओढून काढा.

एक्सल काचेवर लोटून बघावा, वाकडा असेल तर डुलतो. कोनाचा पट्टा उजेडात फिरवून पाहावा: एकसारखी चकचकीत रेघ म्हणजे ठीक, काळे ठिपके म्हणजे नवा कोन. वाटीत निम्मी भरेल इतकं ग्रीस, त्यात नऊ छर्रे चिकटवत जायचे, वरून आणखी एक पातळ थर. एक्सल घालून डावा कोन हातानं टेकवायचा, वायसर, मग लॉकनट. इथे एक बारकावा आहे. लॉकनट आवळला की तो कोनाला आट्यांच्या फटीइतका आत ढकलतो. म्हणून हातानं अगदी बरोबर लावलेला कोन आवळल्यावर घट्ट होतो. तो आधी किंचित सैल, केसभर लटलटेल असा ठेवायचा आणि मग एका पान्यानं कोन धरून लॉकनट कसायचा. एकदा जमत नाही. दोन-तीनदा सोडून परत लावावं लागतं, त्यात कुणाचं कौशल्य कमी पडतं असं नाही.

चाक फ्रेममध्ये चढवल्यावर चेन ताणून बसवायची नाही. वरच्या चेनला मधोमध बोटानं दाबलं तर सेंटीमीटरभर खाली-वर झाली पाहिजे, आणि तीही पेडल फिरवून चेन सगळ्यात घट्ट लागेल त्या जागी. ताठ चेन हबाच्या उजव्या कोनाला रात्रंदिवस ओढत राहते. नव्या छर्‍यांची खरखर बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

मग शेवटची तपासणी. चेन फ्रीव्हीलवरून उतरवून बाजूला ठेवा, सायकल उलटी उभी करा. रिंग वरच्या बाजूला धरून डावी-उजवीकडे हलवा, खेळ जाणवायला नको. आता व्हॉल्व्ह आडवा येईल असं चाक धरा, घड्याळात तीन वाजतात तिथे, आणि हात सोडा. ढकलायचं नाही. नीट लागलेलं चाक त्या व्हॉल्व्हच्या चार-दोन ग्रॅम वजनानं हलायला लागतं, खाली जातं, पलीकडे चढतं, परत येतं, झोका लहान लहान होत जातो, आणि व्हॉल्व्ह बरोबर तळाशी येऊन थांबतो. मधेच कुठे थबकला तर कोन अजून पाव फेरा जास्त आवळलेला आहे. पाना परत घ्या.